टिकाऊ डांबरी रस्ता : सातारा-सांगलीकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रस्त्याच्या मालाची तपासणी हे माझं रोजचं काम. खडीचे नमुने, डांबराचे डबे, रस्त्यातून कापून आणलेले गोल तुकडे म्हणजे कोअर, यांच्यातच दिवस जातो. सरपंच, नुकतेच रुजू झालेले जेई (कनिष्ठ अभियंते), ठेकेदाराकडचे सुपरवायझर आणि घरापुढचा रस्ता वर्षात उखडला म्हणून चिडलेले लोक फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. प्रत्येकाला फोनवर सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं.

डांबर कमी घातलं म्हणून रस्ता उखडला, हे खरं असतं का?

कधी कधी असतं. पण माझ्याकडे उखडलेल्या रस्त्याचे जे तुकडे येतात, त्यांत डांबराचं प्रमाण बऱ्याचदा कागदाला धरून निघतं. भलतीच निघते ती हवा. म्हणजे थर नीट दाबलाच गेलेला नसतो. दगडांच्या मधे राहिलेल्या पोकळ्यांतून पाणी आत जातं, ऊन-वारा डांबर वाळवतो आणि एका पावसाळ्यात खडी मोकळी होते. डांबर चोरलं तर निदान कुणाचा तरी फायदा होतो. दाबाईत कसूर झाली तर कुणाच्याच हाती काही लागत नाही, रस्ता मात्र जातो. म्हणून ‘डांबर किती टाकलं’ याच्या आधी ‘हवा किती राहिली’ हे विचारायची सवय लावा.

डांबर आणि बिटुमेन एकच का?

काटेकोर बोलायचं तर नाही. डांबर मूळचं कोळशापासून निघालेलं, बिटुमेन खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून उरतं. आज रस्त्यावर पडतं ते सगळं बिटुमेनच. पण साईटवर कुणी ‘बिटुमेनची गाडी आली’ म्हणत नाही, त्यामुळे इथेही डांबरच म्हणू.

रस्त्यावर पसरतात त्या डांबर-खडीच्या मिक्समध्ये नेमकं काय काय असतं?

१०० किलो मालात साधारण ९५ किलो दगडच असतो : मोठी खडी, बारीक खडी, क्रशरची कच आणि पिठासारखा बारीक फिलर. उरलेलं पाचेक किलो डांबर. एवढ्या थोड्या डांबराने प्रत्येक दाण्याला लेप बसवायचा असतो. चांगल्या मिक्समध्ये तो लेप सरासरी ६ ते ८ मायक्रॉन जाडीचा धरतात. आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा. म्हणजे केसाच्या दहाव्या हिश्शाएवढ्या पापुद्र्यावर आख्खा रस्ता उभा असतो. लेप पातळ झाला की तो लवकर कडक होतो आणि दगडावरून सुटतो. कच जास्त पडली तर पृष्ठभाग वाढतो आणि तेवढंच डांबर जास्त दाण्यांत वाटलं जातं. प्रमाण कागदावर बरोबर असतं, लेप मात्र उपाशी राहतो.

वरच्या थराला बीसी (बिटुमिनस काँक्रीट) म्हणतात, खालच्या जाड थराला डीबीएम (डेन्स बिटुमिनस मॅकॅडम). केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या २०१३ च्या पाचव्या सुधारित विनिर्देशांत बीसीच्या दोन ग्रेडिंग, म्हणजे खडीच्या आकारांच्या वाटण्या, आहेत : १९ मिमी खडीची ग्रेडिंग-१, थर ५० मिमी, आणि १३.२ मिमीची ग्रेडिंग-२, थर ३० ते ४० मिमी. आपल्या भागात दुसरी जास्त दिसते.

हवा किती असावी? अजिबात नसली तर उत्तम ना?

नाही. मे महिन्यात डांबर फुगतं, वरून गाड्या आणखी दाबत राहतात. फुगायला जागाच नसेल तर डांबर वर येतं, रस्ता चकाकतो, घसरडा होतो आणि चाकोऱ्या पडतात. म्हणून प्रयोगशाळेत मिक्स ठोकून बनवलेल्या गोळ्यात हवा ३ ते ५ टक्के ठेवतात.

रस्त्यावर सुरुवातीला ती थोडी जास्त असतेच. किती चालते, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, मिक्समधली सगळी हवा काढली तर त्याची घनता २.६०० येते. साईटवर हिला जीएमएम म्हणतात. प्रयोगशाळेतल्या गोळ्याची घनता २.४९६ आली, म्हणजे हवा बरोबर ४ टक्के. आता रस्त्यातून कोअर काढला आणि त्याची घनता २.३६ आली, तर हवा ९.२ टक्के. विनिर्देशानुसार घनता जीएमएमच्या किमान ९२ टक्के पाहिजे, इथे ती २.३९२ होते. कोअर नापास.

२.३६ आणि २.३९ मधला फरक फार वाटत नाही, ठेकेदारही हेच म्हणतो. पण साधारण ८ टक्क्यांच्या पुढे या पोकळ्या एकमेकींना जोडल्या जातात. तोवर सुट्या खोल्या होत्या, आता चाळीचा व्हरांडा झाला. पाणी या टोकाने शिरून त्या टोकाने निघतं. हवा ७ टक्क्यांवर गेली की पुढच्या दर टक्क्याला आयुष्य दहा टक्क्यांच्या आसपास घटतं, असा ढोबळ ठोकताळा या धंद्यात वापरतात.

मार्शल चाचणी म्हणजे काय करतात?

ही पद्धत अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याच्या महामार्ग खात्यातल्या ब्रूस मार्शल यांनी १९३९ च्या सुमारास बसवली. आपल्याकडे आजही मिक्स डिझाईनचा कणा तीच आहे.

साधारण १२०० ग्रॅम गरम मिक्स १०१.६ मिमी व्यासाच्या साच्यात भरायचं. त्यावर ४.५४ किलोचा हातोडा ४५७ मिमी उंचीवरून सोडायचा. ७५ ठोके एका बाजूने, मग साचा उलटा करून ७५ दुसऱ्या बाजूने. हाताने ठोकायचं असेल तर तिसऱ्या गोळ्यानंतर खांदा बोलायला लागतो आणि ठोके मोजणाऱ्याचं लक्ष चहाकडे जातं. साठाव्या ठोक्याला कुणी ‘झाले पंच्याहत्तर’ म्हणालं, तर गोळ्यात हवा जास्त राहते, ती घालवायला डिझाईनमध्ये डांबर जास्त लागतंय असं दिसतं आणि पुढचं सगळं गणित फिरतं. यंत्राने ठोकणारा हातोडा घेतलेलाच बरा.

गार झालेला गोळा हवेत आणि पाण्यात तोलून घनता काढतात. मग ६० अंशाच्या पाण्यात ३० ते ४० मिनिटं ठेवून लगेच यंत्रात दाबतात. किती भार सोसला ती स्टॅबिलिटी, तोवर किती दबला तो फ्लो. व्हीजी-३० जातीचं डांबर वापरलेल्या बीसीला स्टॅबिलिटी किमान ९ किलोन्यूटन आणि फ्लो २ ते ४ मिमी लागतो. दगडांमधल्या एकूण जागेपैकी ६५ ते ७५ टक्के जागा डांबराने भरलेली हवी. वेगवेगळ्या डांबर-प्रमाणांचे गोळे करून आलेख काढतात आणि सगळ्या अटी जिथे एकत्र बसतात ते प्रमाण घेतात.

आमच्या रिपोर्टमध्ये स्टॅबिलिटी १४ आली आहे. ९ च हवी होती. मग माल भारीच ना?

फ्लो किती आला? २.२? मग १४ ला २.२ ने भागा : ६.४ येतो. हा आकडा २ ते ५ मध्ये राहायला हवा. त्याच्या वर गेला तर मिक्स ताठ आहे, वाकणार नाही, तडकेल. वाळलेली भाकरी मोडायला जोर जास्त लागतो, पण घडी तिची होत नाही. स्टॅबिलिटी मोठी दाखवायला कच वाढवून डांबर कमी करणं ही जुनी युक्ती आहे. मला रिपोर्टमधला स्टॅबिलिटीचा आकडा सगळ्यात कमी महत्त्वाचा वाटतो. माझी नजर आधी हवेच्या रकान्यावर जाते.

बीसीत डांबर ५.४ टक्के पाहिजे असं वाचलं. आमच्याकडे ५.१ च आहे. तक्रार करू का?

थांबा. ग्रेडिंग-२ ला किमान ५.४ टक्के हे खरं, पण तो आकडा २.७ विशिष्ट गुरुत्वाच्या खडीसाठी आहे. खडी त्याहून जड असेल तर त्या प्रमाणात डांबर कमी करण्याची मुभा त्याच तक्त्याखालच्या टिपेत दिलेली आहे. आपला दगड सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट, तो चांगलाच जड. समजा, गुरुत्व २.८५ आलं : ५.४ गुणिले २.७ भागिले २.८५, म्हणजे ५.१. दगड जड म्हणून वजनातला टक्का कमी दिसतो, आकारमानात डांबर तेवढंच असतं.

मात्र ही टीप ढालीसारखी वापरणारेही भेटतात. गुरुत्वाचा रिपोर्ट कुठल्या खाणीचा आणि कोणत्या तारखेचा, ते बघा. खाण बदलली आणि रिपोर्ट जुनाच जोडला, असं होतं.

०.३ टक्क्याची किंमतही कळू दे. एक किलोमीटर, ३.७५ मीटर रुंद, ३० मिमी बीसी म्हणजे ११२.५ घनमीटर, सुमारे २८० टन मिक्स. त्याचं ०.३ टक्के म्हणजे ८४० किलो डांबर. दीडशे किलोची साडेपाच पिंपं धरा.

आपला काळा दगड कणखर. मग पावसात डांबर त्यावरून सुटतं कसं?

दगडाला डांबरापेक्षा पाणी जास्त जवळचं. सगळ्याच दगडांना. त्यातल्या त्यात ग्रॅनाईट किंवा गारगोटीपेक्षा बेसॉल्ट डांबर बरं धरून ठेवतो, हे आपलं नशीब. पण क्रशरवर येणारा सगळा दगड एकसारखा नसतो. लाव्ह्याच्या एका थरात घट्ट काळा पाषाण असतो, तर वरच्या-खालच्या थरात भोकं असलेला, त्यात पांढरी खनिजं भरलेला किंवा कुजून तांबूस झालेला. असा दगड पाणी पितो. २ टक्क्यांहून जास्त पाणी शोषणारी खडी चालत नाही. दुसरा चोर म्हणजे खडीवरची माती. लेप धुळीवर बसतो आणि धूळ दगडावर, मग पाणी आलं की दोघं मिळून निघून जातात.

एक कोअर माझ्या टेबलावर बरेच दिवस होता. वरून बघितला तर काळाभोर, छान. उलटा केला की खालचा दीड सेंटिमीटर भाग राखाडी-पांढरा, खडी धुतल्यासारखी उघडी. अंगठ्याने दाबलं तर दाणे हातात यायचे. पाणी खालच्या थरावर साठून राहिलं होतं आणि प्रत्येक चाकाबरोबर वर ढकललं जात होतं. वरून पाहणाऱ्याला हे कळत नाही. कळतं तेव्हा खड्डा पडलेला असतो.

याची परीक्षा आधीच घेता येते. साधी चाचणी म्हणजे लेप दिलेली खडी पाण्यात ठेवायची आणि किती लेप टिकला ते बघायचं. ९५ टक्के तरी टिकावा लागतो. जास्त भरवशाची चाचणी टीएसआर (टेन्साईल स्ट्रेंथ रेशो). काही गोळे पाण्याने मुरवायचे, काही कोरडे ठेवायचे, मग दोन्ही आडवे दाबून फोडायचे. मुरवलेल्यांची ताकद कोरड्यांच्या किमान ८० टक्के उरली पाहिजे. नापास झालं तर खडीच्या वजनाच्या २ टक्के विरीचा चुना फिलर म्हणून घालतात. डांबरात मिसळायची रसायनंही मिळतात, पण माझा कल चुन्याकडे. स्वस्त आहे, आणि घातला की नाही ते रिकाम्या पोत्यांवरून मोजता येतं.

महाबळेश्वरला आणि जतला एकच मिक्स चालेल का?

कागदावर चालतं, म्हणून तर घोळ होतो. एकीकडे पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, दुसरीकडे जत, आटपाडी, माण इथे पाचशेच्या आसपास. महाबळेश्वर, पाटण, शिराळ्याच्या पश्चिमेला शत्रू पाणी आहे. तिथे मी टीएसआर ८० वर सुटला तरी समाधान मानत नाही, चुना घालायलाच सांगतो, आणि दाबाईत हवा ६-७ टक्क्यांच्या वर जाऊ नये असा आग्रह धरतो. गटार नसेल तर यातलं काहीही वाचवत नाही, हे वेगळं.

जतकडे शत्रू ऊन आहे. डांबर वर्षानुवर्षं हवेतला ऑक्सिजन घेत कडक होत जातं. रहदारी कमी, म्हणजे गाड्यांनी होणारी मळणीही कमी. असा रस्ता न वापरताच म्हातारा होतो, करडा पडतो, बारीक तडे जातात. तिथे लेप जाड हवा. म्हणजे डांबर मान्य मर्यादेत वरच्या अंगाला आणि कच हात राखून.

व्हीजी-३० घ्यावं की व्हीजी-४०?

ही नावं डांबराच्या घट्टपणाची, व्हीजी म्हणजे व्हिस्कॉसिटी ग्रेड. ६० अंशाला व्हीजी-३० ची श्यानता (वाहायला होणारा विरोध) २४०० ते ३६०० पॉइज, व्हीजी-४० ची ३२०० ते ४८००. २०१३ च्या भारतीय मानकात निवडीला हवेचं तापमानही दिलंय : उन्हाळ्यातल्या सलग सात दिवसांचं सरासरी कमाल ३८ ते ४५ अंश असेल तर व्हीजी-३०, त्यापुढे व्हीजी-४०. त्या हिशेबाने सातारा-सांगलीला व्हीजी-३० पुरतं.

पण तापमानाबरोबर गाडीचा वेग आणि वजनही बघावं लागतं. डांबर झटक्यापुढे घट्ट असतं आणि रेंगाळणाऱ्या ओझ्याखाली वाहतं. खंबाटकीच्या चढाला पहिल्या गिअरमध्ये रांगणारा ट्रक सपाटीवर साठने जाणाऱ्या त्याच ट्रकपेक्षा रस्त्याला जास्त छळतो. गाळप हंगामात साखर कारखान्याच्या गेटबाहेर दोन-दोन ट्रॉल्या लावलेल्या ट्रॅक्टरांची रात्रभर रांग उभी असते. त्या पट्ट्यात सरळ बोटभर खोल चाकोऱ्या सापडतात. अशा ठिकाणी, घाटचढाला आणि जड रहदारीच्या चौकात व्हीजी-४० किंवा पॉलिमरयुक्त डांबर घालावं.

जादा वजनाचं गणितही ऐकून ठेवा : नुकसान भाराच्या चौथ्या घातात वाढतं. आसावर दीडपट ओझं म्हणजे पाचपट नुकसान.

माल किती गरम असावा? हात लावून कळतं का?

हात लावू नका, थर्मामीटर घाला. व्हीजी-३० चं मिक्स प्लांटवरून १५० ते १६५ अंशाला निघावं, पसरताना किमान १४० आणि रोलिंग संपताना किमान ९०. व्हीजी-४० ला हे आकडे १६० ते १७०, १५० आणि १०० असे. प्लांटवर जास्त तापवून ‘वाटेत गार होईल’ हा हिशेब करू नये. निळसर धूर निघाला म्हणजे डांबर जळालं. ते म्हातारं होऊनच रस्त्यावर येतं.

एक चूक माझ्या पदरातली सांगतो. खटाव तालुक्यात जानेवारीतलं काम, सकाळची थंडी, प्लांट लांब. टिप्पर उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकत अडकत आले. एकाची ताडपत्री निम्मी उडालेली. थर्मामीटर खोचला तर कडेला ११८, मध्यभागी १४६. सुपरवायझर म्हणाला, ‘साहेब, वरनं गार वाटतंय, आत गरम आहे बघा.’ खोटं बोलत नव्हता. माल परत पाठवायचा म्हणजे अर्धा दिवस गेला, आणि माल पसरणारं यंत्र, पेव्हर, तर तापून उभा. मी चालू द्या म्हटलं.

ऑगस्टमध्ये त्या रस्त्याने गेलो. खड्डे होते, पण कुठेही कसेही नव्हते. दर पन्नास-साठ मीटरला एक, जणू टेप लावून पाडलेले. सोळा टनांचा एक टिप्पर तेवढंच अंतर भरतो. प्रत्येक गाडीच्या कडेचा आणि शेपटाचा गार, जाड खडीचा माल शेवटी एकाच जागी पडला होता, आणि तिथे रोलर नुसताच वरून फिरला होता. तेव्हापासून ताडपत्री बांधलेली नसेल तर मी गाडी खाली करू देत नाही. शिव्या खातो.

रोलरच्या किती फेऱ्या माराव्यात?

आकडा तोंडी सांगता येत नाही. पहिल्या दिवशी शंभरेक मीटरचा नमुना पट्टा करायचा, फेऱ्या वाढवत घनता मोजायची आणि ती वाढायची थांबली की तो आकडा धरायचा. क्रम मात्र ठरलेला : आधी लोखंडी किंवा व्हायब्रेटरी रोलर, मग हवेच्या टायरचा रोलर मळायला, शेवटी पुन्हा लोखंडी, माग घालवायला. मधला टायरवाला रोलर बऱ्याच साईटवर कडेला उभाच असतो. पोकळ्या बुजवायचं काम खरं तोच करतो.

आणि पेव्हरच्या मागे चिकटून चालायचं. ३० मिमीचा थर हिवाळ्याच्या सकाळी काही मिनिटांत रोलिंगच्या कामाचा राहत नाही. ऑपरेटर तंबाखू मळेपर्यंत तो गेलेला असतो. जाड थर धग धरून ठेवतो, म्हणून थराची जाडी खडीच्या आकाराच्या तिप्पट तरी असावी असं म्हणतात. पातळ थरात मोठी खडी पुलासारखी अडकते, रोलरचा भार तिच्यावरच राहतो आणि ती फुटते.

गावच्या रस्त्याला २० मिमीचं कारपेट, म्हणजे पातळ डांबरी थर, असतं. त्यालाही हे सगळं लागू?

थोडंफार. ते कारपेट मुळातच उघड्या पोताचं, पोकळ्यांनी भरलेलं. पाणी अडवायचं काम त्याच्यावरच्या सीलकोटचं, म्हणजे पोकळ्या बुजवणाऱ्या वरच्या लेपाचं. सीलकोट ‘नंतर मारू’ म्हणून राहिला आणि पाऊस आला, तर कारपेट गेलंच म्हणून समजा. खालच्या खडीकरणावर प्राईम कोट (खडीत मुरणारा पहिला फवारा) आणि मग टॅक कोट (थर चिकटवणारा फवारा) नीट नसेल तर ते पापडासारखं निघतं. जुन्या डांबरी थरावर टॅक कोट चौरस मीटरला २०० ते ३०० ग्रॅम इमल्शन (पाण्यात मिसळलेलं पातळ डांबर) एवढा लागतो. फवारा सारखा हवा. डब्याला भोकं पाडून शिंपडलेला टॅक कोट मी पाहिलाय. रांगोळी छान झाली होती.

प्लॅस्टिकचा रस्ता खरंच टिकतो का?

नीट केला तर फायदा होतो. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या प्रा. राजगोपालन वासुदेवन यांनी ही पद्धत रूढ केली, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१३ च्या मार्गदर्शिकेनुसार डांबराच्या वजनाच्या ६ ते ८ टक्के प्लॅस्टिक. बारीक तुकडे तापलेल्या खडीवर टाकायचे, ते वितळून दगडाला पातळ लेप देतात आणि मग डांबर. दगड पाणी कमी पितो, लेप घट्ट बसतो.

अट दोनच : प्लॅस्टिक स्वच्छ-कोरडं हवं आणि त्यात पीव्हीसी नको, कारण तापलं की विषारी वायू सुटतात. आठवडी बाजारातल्या मातकट पिशव्या तशाच टाकल्या तर रस्त्यात कचरा गेला, एवढंच.

मार्शलच्या पुढच्या चाचण्या कोणत्या? त्या कराव्यात का?

मोठ्या कामाला जरूर. चाक फिरवून चाकोरी मोजणारी चाचणी आहे : गरम पाण्यात ठेवलेल्या लादीवर लोखंडी चाक हजारो वेळा फिरतं आणि किती खोल घळ पडली ते दिसतं. पाणी आणि ओझं दोन्ही एकदम असल्याने कच्चं मिक्स इथे लपत नाही. थकव्याची चाचणी आहे, त्यात मिक्सची छोटी तुळई पुन्हा पुन्हा वाकवतात. म्हातारपण आधी आणायचीही सोय आहे. मोकळं मिक्स १३५ अंशाला ४ तास भट्टीत ठेवलं की प्लांट ते पेव्हर एवढ्या प्रवासाचं वय येतं. मग दाबलेला गोळा ८५ अंशाला ५ दिवस ठेवला तर कित्येक वर्षांचं. असा म्हातारा केलेला गोळा फोडून बघावा, खरा स्वभाव तेव्हा कळतो.

हवेचं महत्त्व आयआरसी-३७ (इंडियन रोड्स काँग्रेसची रस्त्याचे थर ठरवायची मार्गदर्शिका) च्या २०१८ च्या आवृत्तीत गणितातच बसवलंय. खालच्या डांबरी थरात हवा ४.५ टक्के आणि लेपाचं डांबर आकारमानाने १०.५ टक्के असेल तर थकव्याच्या सूत्रातला गुणक १.१२ येतो. हवा ३.५ आणि डांबर ११.५ केलं की तोच २.३५. एकेका टक्क्याची अदलाबदल, आयुष्य दुप्पट. हे पटवायला मी नवीन जेईंना गणकयंत्र हातात देतो.

काळ्या रानातला आमचा रस्ता दर उन्हाळ्यात उभा चिरतो. कोणतं मिक्स वापरू?

कोणतंही वापरा, चिरणारच. वाळवा-पलूसची काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि कडेपासून ओढ बसते. दोष पायात आहे, डोक्याला औषध लावून उपयोग नाही. वरची माती काढून मुरूम भरा किंवा चुन्याने स्थिर करा, साईडपट्टी रुंद ठेवा, उसाच्या पाटाचं पाणी भरावाला लागू देऊ नका.

पावसात काम चालू असेल तर थांबवावं का?

हो. पाऊस, धुकं, ओला पृष्ठभाग, १० अंशाखालचं तापमान, दोन मीटर उंचीवर ताशी ४० किलोमीटरहून जास्त वारा, यांतलं काहीही असेल तर डांबरीकरण करायचं नाही असं विनिर्देशातच आहे. मार्चअखेरची घाई मी समजू शकतो. जूनमधल्या घाईला माझ्याकडे उत्तर नाही.

आम्ही गावकरी. यंत्रं नाहीत. साईटवर काय बघावं?

टिप्परमधला ढीग बघा. उंच, टोकदार आणि मंद काळा असेल तर माल गार किंवा कोरडा. पाण्यासारखा पसरून चकाकत असेल तर डांबर जास्त. मधला, थोडा बसलेला ढीग चांगला. वाफ निघत असेल तर खडी ओली होती. पेव्हरमागे कुठे नुसतीच जाड खडी दिसते का, ते पाहा. मग पहिला पाऊस पडून गेल्यावर तासाभराने चक्कर मारा. सगळा रस्ता वाळलेला आणि मधेच काही ठिगळं ओली राहिली असतील, तर तिथे पोकळ्या आहेत. त्यांचे फोटो तारखेसह काढून ठेवा.

घनतेची चाचणी दर ७०० चौरस मीटरला एक लागते. ३.७५ मीटरच्या रस्त्यावर ते साधारण १८७ मीटरला एक भरतं. म्हणजे किलोमीटरमागे पाच-सहा कोअरचे आकडे असायला हवेत. ते मागा. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम २ मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि मालाचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्कही येतो, नुसत्या कागदांचा नाही. आणि दोषदायित्वाचा काळ विचारून घ्या. पंतप्रधान ग्रामसडक योजनेत तो ५ वर्षांचा असतो. त्या मुदतीत दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने व्हायला हवी.

पावसाळ्यात खड्डे मुरमाने का भरतात?

कारण मुरूम जवळ असतो. दोन सरींत निघतो. भरायचंच असेल तर खड्डा चौकोनी कापा, पाणी-माती काढा, थंड मिश्रणाची पोती मिळतात ती भरा आणि ठोका.

कोअर काढल्यावर रस्त्याला जे भोक पडतं, ते कोण बुजवतं?

काढणाऱ्याने. लगेच. आतलं पाणी फडक्याने टिपायचं, कडेला टॅक कोट पुसायचा, गरम मिक्स दोन थरांत भरून ठोक्याने ठोकायचं आणि रस्त्यापेक्षा किंचित उंच ठेवायचं. मी सोबत एक जुना लोखंडी ठोका गाडीच्या डिकीत ठेवतो. सांगलीकडच्या एका कामावर बारा कोअर काढले होते, सगळे पास. तपासणी करणाऱ्यांनी भोकं कचेने भरली आणि निघून गेले. पावसाळा संपला तेव्हा त्या रस्त्यावर बरोबर बारा खड्डे होते.